पैठणच्या गोष्टीवर फँटसी कादंबरी कधी?

संपादक साहेब, नमस्कार.

सिंड्रेलावर इंग्रजीत सारख्या नव्या फँटसी कादंबऱ्या येतात अन् आमची पोरं मोबाईलवर रात्रभर जागून वाचतात, वाचू द्या, चांगलंच आहे, पेरो या फ्रेंच लेखकानं १६९७ मध्ये छापलेली ती गोष्ट आजपण ताजी वाटते म्हणजे तिच्यात दमच तेवढा आहे. पण आपल्या पैठणच्या गुणाढ्याच्या गोष्टीचं काय? सातवाहन राजाच्या दरबारातला हा माणूस रक्तानं बृहत्कथा, म्हणजे गोष्टींची भलीमोठी पोथी, लिहितो, राजा ती नाकारतो, मग हा जंगलात एकेक पान वाचून आगीत टाकतो अन् हरणं, रानडुकरं चरायचं सोडून रडत ऐकत बसतात! अजून काय पाहिजे राव? मराठवाड्यातल्या कुणीतरी ही गोष्ट घेऊन जाडजूड कादंबरी लिहाच, गोदाकाठ अन् आपली बोली पण येऊ द्या त्यात.

– एक वाचक, जालना