मनू, रविवारच्या फोननंतर

मनू,

रविवारी तू थिसिस सोडून पाच महिन्यांच्या ट्रेनीशिपला ब्रसेल्सला जाते म्हणालीस आणि मी फोन मधेच ठेवला ते चुकलंच माझं. तू म्हणालीस, "आई, सोलाना पण फिजिक्सवालाच होता की," आणि मला तो माणूस नीट माहीत नव्हता म्हणून अजूनच चिडले बहुतेक. तीन दिवस झाले, दुपारी सगळं आवरलं की मी त्याच्याबद्दलच वाचत बसते. बाबा म्हणाले, भांडण वाढवू नकोस. वाढवत नाहीये. थिसिसबद्दल या पत्रात अवाक्षर काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

हाविएर सोलाना, स्पेनचा राजकारणी, जन्म १९४२, माद्रिद. वडील केमिस्ट्रीचे प्रोफेसर. थोरला भाऊ हुकूमशहा फ्रँकोच्या विरोधात राजकारण केलं म्हणून तुरुंगात जाऊन आलेला. ह्यालाही १९६३ मध्ये सरकारविरोधी कार्यक्रम भरवला म्हणून युनिव्हर्सिटीत शिक्षा झाली, तरी पुढच्याच वर्षी बंदी असलेल्या समाजवादी पक्षात गुपचूप गेला. मला वाचताना सारखी त्याची आई डोळ्यापुढे येत होती, दोन-दोन मुलं त्याच वाटेनं, रात्री दार वाजलं की तिच्या पोटात काय होत असेल. पण एवढं सगळं चालू असताना त्यानं फिजिक्स सोडलं नाही. फुलब्राइट स्कॉलरशिप मिळवून अमेरिकेला व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत गेला, तिथे शिकवलं, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या निदर्शनांत गेला, परदेशी विद्यार्थ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९७१ मध्ये डॉक्टरेट पूर्ण करून मायदेशी परतला. पूर्ण करून, मनू. हे उदाहरण तूच मला दिलंस.

बघ, आलाच विषय.

त्याचा विषय सॉलिड स्टेट, म्हणजे घन पदार्थांचं फिजिक्स होता, पुढे माद्रिदला शिकवलाही तोच. ते वाचलं आणि मी उठून माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. लहानपणी तू हात लावायचीस म्हणून ओरडायचे ना, तोच. आत माझ्या अकरा काचपट्ट्या आहेत, कॅडमियम सल्फाइडच्या फिल्मच्या, अजून पिवळ्याधमक, फक्त दोनतीन पट्ट्यांवरची फिल्म कडेनं सुटलीये. सिलिका जेलची पुरचुंडी ओलावा शोषून पार गुलाबी झालीये. लॅबमध्ये ते ओव्हनमध्ये तापवून आम्ही परत निळं करायचो. सहाच्या एसटीनं सांगलीहून कोल्हापूरला जायचे, एक फिल्म चांगली जमली की परतीच्या गाडीत उभं राहून आले तरी पाय दुखायचे नाहीत. मग आप्पांना अर्धांगवायू झाला. सहा महिन्यांनी संशोधन परत सुरू करू म्हणून मी डबा बंद केला होता. कुणावर राग नाही माझा, आप्पांवर तर नाहीच. अठ्ठावीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं आणि मनापासून शिकवलं. पण सहा महिने म्हणजे किती ते मला माहितीये, म्हणून तुझे "फक्त पाच महिने" ऐकले की माझा जीव घाबरतो.

आता तुझ्या बाजूनंही लिहिते, कारण वाचता वाचता मीच त्यात गुंतले. १९७७ मध्ये खासदार, १९८२ पासून तेरा वर्षं मंत्री, आधी सांस्कृतिक, मग शिक्षण, मग परराष्ट्र. आधी स्पेननं नाटोत, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीत, जायला त्याचा विरोध होता, आणि १९९५ च्या डिसेंबरात तोच नाटोचा सरचिटणीस झाला. मार्च १९९९ मध्ये युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले सुरू करायचे आदेश त्यानंच दिले, १९ देशांच्या वतीनं. ७८ दिवस चाललं ते. कोसोव्होतल्या लोकांना वाचवायला म्हणून, पण त्यात साधी माणसंही मेली. युद्ध नको म्हणून रस्त्यावर उतरलेल्या मुलाला असे आदेश देताना काय वाटलं असेल? त्या रात्री मला झोप लागली नाही. तू झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडायचीस.

त्यानंतरची दहा वर्षं मात्र मला फार आवडली. १९९९ च्या ऑक्टोबरपासून युरोपियन युनियनचं परराष्ट्र धोरण त्याच्याकडे. हाताशी ना स्वतःचं सैन्य ना फार पैसा, नुसतं विमानानं फिरायचं आणि माणसांना बोलतं करायचं. २००१ मध्ये मॅसेडोनियात सरकार आणि अल्बेनियन बंडखोर यांच्यात लढाई पेटली होती तेव्हा हा पुन्हा पुन्हा तिथे गेला आणि ऑगस्टमध्ये ओह्रिदचा करार झाला. त्यात एक कलम असं की जिथे निदान २० टक्के लोक अल्बेनियन बोलतात तिथे ती भाषाही सरकारी कामात चालणार. मी निपाणीच्या मामांना लगेच फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्पच झाले, मग म्हणाले, मनूला म्हणावं हे काम शिकून घे. घे, तुझ्या बाजूचं एक मत.

पण मग २००४ मध्ये ठरलं होतं, नवी राज्यघटना आली की युरोपचा पहिला परराष्ट्रमंत्री हाच. आणि २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या लोकांनी मतदानात ती घटनाच नाकारली. त्याचं काही चुकलं नव्हतं. या क्षेत्रात असंच असतं गं, आपलं काम चोख असलं तरी निकाल चौथ्याच कुणाच्या हातात. आणि त्याच्याकडे निदान युरोपातल्या देशाचा पासपोर्ट होता. तुझी ट्रेनीशिप संपल्यावर तिथे कायमची नोकरी हवी तर बहुतेक ठिकाणी युरोपातल्या देशाचं नागरिकत्व मागतात, हे तू बघितलंयस ना? त्याच्या नावापुढचं डॉक्टर मात्र कुठल्याही मतदानात गेलं नसतं, घरी परत आला असता तरी वर्गात उभा राहिला असता, आणि तूसुद्धा

सॉरी. खोडत नाही, राहू दे. वर्गात बोलायची सवय आहे, सुटत नाही.

तुला खरं सांगू का, तुझं निवडीचं पत्र मी भांडायच्या आधीच निमामावशीला आणि खालच्या काकूंना वाचून दाखवलं होतं. ब्रसेल्स, युरोपियन कमिशन, असं मोठ्यानं वाचलं. तुझ्याशी मात्र अभिनंदन असा शब्दसुद्धा बोलले नाही. आत्ता म्हणते. अभिनंदन, बाळा. तू तिथे कुणाला कमी पडणार नाहीस, फक्त दमलीस की जेवत नाहीस त्याची काळजी वाटते.

एकच विचारते. ल्यूव्हन ते ब्रसेल्स ट्रेननं अर्धा तास आहे म्हणालीस, मग सोडायचं कशाला, तुझ्या प्रोफेसरांकडे पाच महिन्यांची रजा मागून बघितलीस का? लेखी मागितलीस का? आणि परत रुजू व्हायची तारीख त्यांच्याकडून लिहून घे, तोंडी नको. ट्रेनीशिपला होकार कळवायची शेवटची तारीख कधी आहे तेही सांग.

मेतकूट आणि कुळथाचं पीठ सोमवारी कुरियर केलंय. शुक्रवारी फोन कर, तुझे आठ म्हणजे माझे साडेअकरा, मी जागीच असेन. या वेळी मधेच ठेवणार नाही.

आई

डबा अजून टेबलावरच आहे. बाबा म्हणतात ओव्हन आहे घरात, ते सिलिका जेल निळं करून टाक. अन्नाच्या ओव्हनमध्ये ते घालायचं नसतं हे त्यांना सांगितलं. तुझ्या लॅबमध्ये अजून निळंच वापरता का गं?