कागद दिसत नाही म्हणून?

लीड्स, रविवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल दादाचा फोन आला होता. कोजागिरीच्या अभिवाचनाला तू मंडळाला नकार दिलास म्हणे. “कागदच दिसत नाही, तर वाचू काय, कपाळ?” हे त्यानं तुझ्याच आवाजात करून दाखवलं. आधी हसले, मग चिडले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. दादाला म्हणावं, सगळं वाचून दाखव, माझी भाषणबाजी गाळू नकोस.

तुला ती इंग्रज नटी, जुडी डेंच, आठवते ना? बाँडच्या सिनेमांतली त्याची कडक साहेबीण. राजस्थानातल्या हॉटेलात राहायला येणाऱ्या इंग्रज म्हाताऱ्यांचा सिनेमा आपण मिळून पाहिला होता, त्यातही ती होती. नवरा गेल्यावर जयपूरला येते आणि कॉल सेंटरमध्ये नोकरी धरते. ‘आपला देश म्हणजे एवढाच का, रिक्षा आणि गोंगाट?’ म्हणून तू पूर्ण वेळ कुरकुरत होतीस, ते बरोबरच होतं. पण ती बाई पडद्यावर आली की तुझी कुरकुर थांबायची.

तिला तुझाच आजार आहे. डोळ्याच्या पडद्याचा, मॅक्युलर डीजनरेशन. तिच्या आईलाही होता. २०१२ मध्ये तिनं स्वतःच जाहीर सांगितलं की स्क्रिप्ट आता वाचता येत नाही. मी इथे दिवसभर लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे हे रोजचंच आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, भांग दिसतो, पण नाक-डोळे गायब. बाथरूमच्या टाइल्सच्या सरळ रेघा मधेच वाकतात. कडेचं दिसत राहतं, मधलं पुसलं जातं. तू म्हणतेस ना, पोळी दिसते पण तिच्यावरचा डाग दिसत नाही, तेच हे.

तर या बाईनं काय केलं? मुलगी, एजंट, मैत्रिणी, जो हाताशी असेल त्याला वाचायला बसवलं आणि ऐकून ऐकून भूमिका पाठ केल्या. २०१५ साली लंडनच्या गॅरिक थिएटरात नट-दिग्दर्शक केनेथ ब्रॅनाबरोबर शेक्सपिअरचं ‘द विंटर्स टेल’ केलं, तेव्हा ती ऐंशीची होती. प्रयोग सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर ब्रॅना तिला म्हणाला की, तू जरा आठेक फूट उजवीकडे बघून बोललीस तर ते भाषण मला ऐकवल्यासारखं होईल. इतके दिवस बाई रंगमंचाच्या चौकटीच्या खांबाला सुनावत होत्या! ही गोष्ट ती स्वतःच सांगते आणि हसवते. मला तिचं हे फार आवडतं. खांबाला तर खांबाला, पण भाषण पुरं केलं. आणि प्रेक्षकांनी पैसे परत मागितल्याचं काही ऐकिवात नाही.

मागे यॉर्कला गेले होते, इथून ट्रेननं अर्धा तासही लागत नाही. हे तिचं गाव, जन्म १९३४चा. वडील डॉक्टर, तिथल्या थिएटर रॉयलमधल्या नटांना तेच तपासायचे. आई कपडेपटाचं बघायची. म्हणजे घरात नाटक आपल्यासारखंच, जेवणाच्या ताटाबरोबर. तिला मात्र नेपथ्यकार व्हायचं होतं. शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, ‘किंग लियर’चं नेपथ्य पाहून, आपल्याला असं काही सुचणार नाही असं तिला वाटलं आणि ती नटी व्हायला गेली. १९५७ मध्ये लंडनच्या ओल्ड विक नाटक कंपनीत एकदम ‘हॅम्लेट’मधली ऑफिलिया. सिनेमावाल्यांपैकी एकानं तर तोंडावर सांगितलं होतं, तुझ्या चेहऱ्यात सगळंच चुकीचं आहे. मग तिनं चाळीस वर्षं नाटकं केली. बाँडची साहेबीण झाली तेव्हा साठीची होती. ऑस्कर मिळालं ते पडद्यावरच्या जेमतेम आठ मिनिटांच्या एलिझाबेथ राणीसाठी. आठ मिनिटं, आत्या! राज्य नाट्य स्पर्धेत तुझी ती दुसऱ्या अंकातली विधवा सासू किती वेळ होती? आणि लोक अजून तुला त्याच भूमिकेवरून ओळखतात.

तिला देवी करून मखरात बसवायचा माझा विचार नाही. तिच्याकडे पैसा आहे, मदतीला माणसं आहेत, गाडी दारात येते. तुला मंडळाच्या जिन्यावर कोणी हात धरायला येईल याचीही खात्री नसते. शिवाय तिनंही नव्वदी ओलांडली आहे, आता माणसंसुद्धा ओळखता येत नाहीत असं ती सांगते, आणि नवी कामं जवळपास थांबली आहेत. पण ‘दिसेनासं झालं’ आणि ‘थांबले’ यांच्यामध्ये तिनं किती वर्षं काढली ते बघ. २०२१च्या ‘बेलफास्ट’मध्ये तिनं आजी केली आणि पुन्हा ऑस्करचं नामांकन मिळवलं. २०२३ मध्ये टीव्हीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात शेक्सपिअरचं एक सुनीत तोंडपाठ म्हटलं. सगळा चेष्टामस्करीचा कार्यक्रम, पण चौदा ओळी होईपर्यंत कोणी हललं नाही. कागद नाही, चष्मा नाही. ती आणि तिचा नवरा शेक्सपिअरला ‘घरभाडं भरणारा माणूस’ म्हणायचे. नवरा २००१ मध्ये गेला. गेलेल्या मित्रांच्या नावानं ती घरच्या आवारात एकेक झाड लावते.

आता मुद्द्याचं. अभिवाचनात कागद हातात धरायलाच हवा असा नियम कुठे आहे? तुझे संवाद तर तालमीत चार वेळा कानावर पडले की पाठ व्हायचे. वही तू फक्त दिग्दर्शकाला बरं वाटावं म्हणून धरायचीस. उतारा ठरव, दादाला फोटो काढून पाठवायला सांग. मी वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, दोन-दोन मिनिटांचे तुकडे करून. माझ्या वाचनात भाव शोधू नकोस, शब्द तेवढे घे. माझे उच्चार चुकले तर रागाव, पण काम कर.

सेक्रेटरींना स्वतः फोन कर. त्यांनी अजून तुझ्या जागी कोणाला घेतलेलं नाही, हे मी दादाकडून काढून घेतलंय. टेबलाच्या उजव्या कडेची खुर्ची माग आणि शेजारी तुला हळूच कोपर मारून खूण देईल असं माणूस बसव.

आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख सणाच्या गडबडीत पुढे ढकलू नकोस. टाइल्सच्या रेघा आणखी वाकड्या वाटल्या तर तारखेची वाट न बघता लगेच दाखवून ये. हे भाचीचं नव्हे, डोळे तपासणाऱ्या बाईचं सांगणं आहे.

काकांना नमस्कार. उतारा कळव.

तुझी,
चित्रा