बागेचं राहू दे म्हणू नका

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवता ठेवता बाबा म्हणालात, “या वर्षी बागेचं राहू दे, आता होत नाही.” आई शेजारीच होती, पण ती काहीच बोलली नाही. तेच मला जास्त लागलं. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही दोघं मला “बरं बरं” म्हणून गुंडाळता.

बाबा, तुमचा गुडघा मला कळतो. मागच्या वर्षी ओसरीच्या ओल्या पायरीवरून तुमचा पाय सरकला, तेही आईनं मला पंधरा दिवसांनी सांगितलं. पण पडलात ते पायरीवरच्या शेवाळामुळे, गुलाबांमुळे नाही. तेव्हा बाग बंद करायची नाही, तुमचं वाकणं आणि उचलणं बंद करायचं. मी थंडी सरता सरता आठ दिवस रजा काढून येते आहे. तोवर जड काहीही हलवायचं नाही. भिजलेल्या मातीनं भरलेली फूटभर रुंद कुंडी सहज २० किलो भरते. ती उचलायला मी आहे.

आल्या आल्या आधी ओसरी घेणार, रोपं नंतर. कोरड्या दिवशी पायऱ्या ताठ ब्रशनं घासून काढीन. शेवाळ सावलीत आणि ओलीत धरतं, म्हणून वरून पायऱ्यांवर वाकलेल्या वेलीच्या फांद्याही मागे ओढून बांधीन, म्हणजे ऊन पोचेल. प्रत्येक पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी लावू, पायरीच्या रंगाहून वेगळ्या रंगाची, म्हणजे संध्याकाळी कड नीट दिसेल. आई, एक मात्र ऐक. कुंड्यांवरचे पांढरे खार काढायला तू व्हिनेगर वापरतेस, ते चांगलंच. पण त्याच बादलीत ब्लीच कधीही ओतू नकोस. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि छातीला त्रास होतो. शिवाय ब्लीचचं पाणी वाहत वाफ्यात गेलं तर मुळं जळतात. पायऱ्यांना ब्रश आणि साधं पाणी पुरे.

पडवीचा लाकडी कठडा बाबांनी रंगवायला काढू नये. आधी खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचंय. टोक लोण्यात जावं तसं आत गेलं तर लाकूड आतून कुजलंय, आणि वरून कितीही रंग दिला तरी तुमचा भार ते धरणार नाही. असा खांब बदलायचाच. त्या कठड्याला धरूनच तुम्ही उठता-बसता, म्हणून मला रंगापेक्षा त्याची काळजी आहे.

आता वाफ्यांचं. पडवीसमोर एक उंच वाफा करायचं माझ्या मनात आहे. उंची ६० ते ७० सेंटीमीटर, म्हणजे खुर्चीवर बसून कडेवर हात टेकवता येतो. रुंदी ६० सेंटीमीटरच्या वर नको. एकाच बाजूनं काम करायचं तर हात तेवढाच पुरतो, त्यापुढे कंबर ताणावी लागते. भिंतीला टेकवायचा नाही, नाहीतर ओल भिंतीत उतरते. तळाशी वाळक्या फांद्या आणि पालापाचोळा, वर फूटभर चांगली माती आणि कुजलेलं खत. पाला कुजत जाईल तशी माती खचेल, दर वर्षी वरून भर घालावी लागेल. ती मी घालीन. मोसमी फुलं, झिनिया आणि झेंडू, सगळी या वाफ्यात. जमिनीवर फक्त गुलाब, मोगरा आणि जुनी झुडपं, ज्यांना रोज हात लावावा लागत नाही.

आई, तुझ्याकडे मी येण्याआधीचं एक काम आहे, बसून करायचं. डब्यातल्या बियांच्या पुड्या काढ. प्रत्येकीतले दहा दाणे ओल्या कागदी रुमालावर मांड, घडी घाल, पिशवीत ठेव आणि उबदार जागी राहू दे. रुमाल ओला हवा, निथळता नको. झेंडू आठवडाभरात अंकुर दाखवेल. दहातले आठ-नऊ उगवले तर बी उत्तम. चार-पाचच आले तर दाट पेरू. एक-दोनच आले तर ती पुडी टाकून दे, जीव अडकवू नकोस. पुडीवर आकडा लिहून ठेव. तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात. पाच वर्षांपूर्वीच्या पुड्यांवरही मला अजून तारखा वाचता येतात.

माती तयार आहे की नाही, हे बघायचं तूच शिकवलंस. मूठभर घ्यायची, दाबायची आणि गोळ्याला बोटानं टिचकी मारायची. गोळा भुसभुशीत फुटला तर हात घाला, चिकट राहिला तर थांबा. ओली माती तुडवली की घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. खणायचं तर अजिबात नको. कुजलेलं खत दोन इंच वरच पसरायचं, खोडापासून चार बोटं लांब ठेवून. खोडाला खत चिकटलं की तिथे ओल साठते आणि साल कुजते. खाली न्यायचं काम गांडुळं करतात.

आणखी एक, तुला पटायला जड जाईल. वाळलेले पोकळ दांडे इतक्यात झाडून काढू नकोस. लहान मधमाश्या त्यांत थंडी काढतात, आणि पाल्याखाली लेडीबर्ड भुंगे दडून असतात. पुढे कोवळ्या शेंड्यांवर माव्याची कीड आली की हे भुंगेच ती खातात. दिवस सलग उबदार व्हायला लागले की मी काढीन. तोवर अंगण थोडं विस्कटलेलं दिसू दे.

गुलाबांची छाटणी मात्र बाबांची. ती मी करणार नाही. मी सात-आठ वर्षांची असताना तुम्ही माझं बोट धरून फांदीवर फिरवलं होतं. काट्याच्या वर एक बारीकसा लालसर फुगवटा लागला, तांदळाच्या दाण्याएवढा. “हा डोळा. बाहेरच्या बाजूला बघणारा शोध,” म्हणालात. मग त्याच्या वर अर्धा सेंटीमीटर ठेवून कात्री, काप तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. फांदी तुटली तसा आतला गाभा दाखवलात. तपकिरी होता. आणखी खाली कापलंत, पुन्हा तपकिरी. तिसऱ्यांदा पांढरा, ओलसर निघाला तेव्हा थांबलात. त्या दिवशी मला कळलं की अर्धवट मेलेली फांदी जिवंत भागापर्यंत कापावी लागते. आज मी माझ्या कुंडीतल्या एकुलत्या गुलाबावर हेच करते, आणि दर वेळी तुमचं बोट आठवतं.

या वेळी स्टूल घेऊन बसायचं आणि उंच फांद्या मला सांगायच्या. कलमाच्या जोडाखालून येणारे रानटी फुटवे मी मुळाशी धरून उपटीन, कापणार नाही. कापले की तिथूनच पुन्हा येतात. पात्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटचा बोळा फिरवा, म्हणजे रोग पुढे जात नाही. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, त्याला आत्ता कापायला हरकत नाही. पण कोपऱ्यातल्या त्या वसंतात फुलणाऱ्या झुडपाला हात लावू नका. त्याच्या कळ्या मागच्या वर्षीच्या लाकडावर आधीच बसलेल्या असतात. त्याला फुलून गेल्यावर.

आणि दोघांचंही धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते आठवून ठेवा. दहा वर्षं होऊन गेली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. मातीत आणि काट्यांत हात घालणार आहोत. आईच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तिला मनगटाच्या वरपर्यंतचे जाड हातमोजे मी घेऊन येते.

बाबा, तेवढी कात्री धार लावून ठेवाल का? आणि फाटकाजवळचा मोठा गुलाब मी येईपर्यंत राखून ठेवा. तुम्ही कापाल तेव्हा मला शेजारी उभं राहायचंय.

तुमची,
धाकटी