माळ आणि वेगळी कपबशी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली की आमच्या फलटण तालुक्यातील वारकरी घरांत एक तक्रार हमखास कानी पडते. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि त्याने माळ काढून ठेवली, मुलीने जातीबाहेर लग्न केले, नातवंडांना एकादशी कधी असते हेही ठाऊक नाही. थोडक्यात, घराण्याचे संस्कार बुडाले. मी स्वतः माळकरी आहे, आमच्या घरात वारी चार पिढ्यांपासून चालत आलेली आहे आणि माझ्या मुलीने माळ घातलेली नाही. त्यामुळे या तक्रारीविषयी चार शब्द लिहावेत असे मनापासून वाटले.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघते, वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते आणि त्या संध्याकाळी एक दिंडी आमच्या अंगणात उतरते. भाकऱ्या थापायला आळीतल्या बायका दुपारपासूनच चुलीपाशी बसलेल्या असतात. त्या दिवशी वय, जात, ऐपत काही न पाहता प्रत्येक जण समोरच्याला माउली म्हणतो आणि त्याच्या पाया पडतो. मुलगी सातवीत असताना अशाच एका संध्याकाळी माझ्या वडिलांना आमच्या सालगड्याच्या पायांवर डोके ठेवताना तिने पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे दिंडी मार्गस्थ झाली, अंगण झाडून झाले आणि त्याच सालगड्याला चहा दिला गेला तो पडवीच्या दिवळीत ठेवलेल्या, कान तुटलेल्या वेगळ्या कपबशीतून. चहा संपल्यावर त्याने ती स्वतःच विसळली आणि जागेवर पालथी घालून ठेवली. मुलीने मला विचारले, ‘‘अण्णा, काल ते माउली होते, मग आज त्यांचा कप वेगळा का?’’

मी तिला गप्प केले. ती कपबशी दिवळीतून जायला आणखी दोन वर्षे लागली, कारण माझ्या आईचे मन वळवायचे धाडस मला होत नव्हते; आणि खरे सांगायचे तर त्या प्रश्नापूर्वी मलाही त्यात काही वावगे दिसलेले नव्हते. पुढे अठराव्या वर्षी मुलीने माळ घालण्यास नकार दिला. मनात भाव नसताना माळ घालणे हा माळेचाच अपमान आहे, असे ती म्हणाली. आज ती वकील आहे आणि वीटभट्टीवरील मजुरांची थकलेली मजुरी मिळवून देण्याची कामे आवडीने घेते. वारीतला जो समभाव मी वर्षातून एक दिवस अंगणात पाहत होतो, तो तिने रोजच्या व्यवहारात नेला, हे मान्य करायला मला फार उशीर लागला.

ज्यांच्या नावाने आपण टाळ वाजवतो त्या तुकाराम महाराजांना घरातून दोन गोष्टी मिळाल्या होत्या. मूळपुरुष विश्वंभरबुवांपासून आलेली पंढरीची वारी ही एक, आणि महाजनकी व सावकारी ही दुसरी. 1630च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांनी माणसे अन्नावाचून मरताना पाहिली. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, धाकटे बंधू कान्होबांचा हिस्सा त्यांच्या हवाली केला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. एक वारसा जपला, दुसरा बुडवला, आणि भावाच्या वाट्याचा निर्णय मात्र भावाकडेच राहू दिला, हे मला या प्रसंगात सर्वांत मोलाचे वाटते. पुढे 1685 साली देहूहून पालखी सोहळा सुरू करणारे तुकाराम महाराजांचे पुत्र नारायणबाबा तर वडिलांच्या पश्चात जन्मलेले. त्यांना हाताला धरून कोण वारीला नेणार होते?

याचा अर्थ आचार निरर्थक आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. अनोळखी माणसाच्या शेजारी राहुटीत झोपण्याने, भर पावसात चालण्याने, पंगतीत मिळेल ते खाण्याने अंगी जी नम्रता मुरते ती नुसत्या उपदेशाने येत नाही. माझ्या मुलीने हे सारे लहानपणी डोळ्यांनी पाहिले. तिच्या मुलाला ते पुण्याच्या सदनिकेत कुठे दिसणार, ही काळजी मला आहे आणि तिलाही आहे. या काळजीवर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

परंतु माळ घातली नाही म्हणून लेकीला दिंडीच्या पंगतीत बसू न देणे, परजातीतल्या जावयासाठी दार बंद करणे, वाटणीच्या वेळी हाच विषय उकरून काढणे, हे प्रकार माझ्या नात्यागोत्यात घडले आहेत आणि ते करणारे सर्व जण माळकरी होते. त्यांना व माझ्या वयाच्या सर्वच आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, की मूल ‘का’ म्हणून विचारते तेव्हा त्याला गप्प करू नये. ज्या रीतीचे कारण आपल्यालाच सांगता येत नाही, ती रीत आपण आधी तपासून पाहावी.

मुलगी दरवर्षी मुक्कामाच्या संध्याकाळी येते. दर्शनाच्या रांगेत ती उभी राहत नाही, चुलीपाशी बसते. गेल्या वर्षी तिचा सहा वर्षांचा मुलगा वारकऱ्यांना तांब्याने पाणी देत होता, आणि प्रत्येकाला ‘माउली, अजून हवं का?’ असे विचारत होता. आजोबांची माळ मी बुक्क्याच्या डबीजवळ जपून ठेवली आहे. त्याने मागितली तर देईन. मी होऊन त्याच्या गळ्यात घालणार नाही.

आपला,
एक माळकरी वाचक,
ता. फलटण, जि. सातारा