पुलांची थरथर मोजा

महोदय,

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस सुरक्षित ठरला होता. पाहणीला डोळ्यांना दिसते तेवढेच कळते. पुलाचा आधार आतून किती कमजोर झाला आहे, हे काठावरून नुसते बघून कसे समजणार?

मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो. तडा असला तर आवाज बद्द येतो. पुलाचेही तसेच. थरथरण्याची प्रत्येक पुलाची स्वतःची गती असते, अभियंते तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. पूल कमजोर झाला, खांबाखालची माती वाहून गेली, की ही गती मंदावते. भरलेला ट्रक जाताना कठड्यावर हात ठेवून बघा, ट्रक उतरून गेला तरी क्षणभर तळहाताला झिणझिण जाणवत राहते. ती झिणझिण मोजायची. त्यासाठी पुलावर चढावेही लागत नाही. लेझर किंवा रडारचे उपकरण काठावर तिपाईवर ठेवले की मिलिमीटरच्या अंशाएवढी हालचाल टिपता येते, वाहतूक न थांबवता.

मात्र एकदा मोजून भागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये झेड-२४ हा पूल १९९८ मध्ये पाडण्याआधी सुमारे वर्षभर त्याची कंपने नोंदवली आणि मग मुद्दाम टप्प्याटप्प्याने त्याला इजा केली. कडाक्याच्या थंडीत डांबर कडक होऊन गती वाढते, हे तिथे दिसले. म्हणजे बिघाड हवामानाआड लपू शकतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण मेचे ऊन आणि जुलैचा पाऊस आहेच. पूल धडधाकट असतानाच सगळ्या ऋतूंतली नोंद हवी, नाहीतर पुढचे आकडे ताडून पाहायचे कशाशी?

जुने दगडी कमानीचे पूल मुळातच कमी थरथरतात. तिथे पाणबुडे उतरवून पाया तपासावाच लागेल. बाकीच्या मोठ्या पुलांची नोंद सार्वजनिक बांधकाम विभागाने आतापासून सुरू करावी आणि आकडे पुलाच्या नावानिशी लोकांसमोर ठेवावेत. गती किती घसरली की पूल बंद करायचा आणि तो कोणी करायचा, हेही आधीच लिहून ठेवावे. हा निर्णय मध्यरात्रीही घेता आला पाहिजे. सावित्रीचा पूल रात्रीच गेला.

– एक वाचक, महाड