कोणती राष्ट्रवादी आणि कुठले इंग्लंड?

प्रति,
संपादक,
स. न.

'राष्ट्रवादीची धूळधाण, स्वातंत्र्याची राखरांगोळी' हे कालच्या (८ जुलै २०२४) अग्रलेखाचे शीर्षक आमच्याकडे आधी पत्नीने वाचले. चहाचा कप हातात तसाच धरून तिने विचारले, "कोणत्या? काकांच्या की पुतण्याच्या?" मी म्हटले, अगं, ही स्कॉटलंडची, स्कॉटिश नॅशनल पार्टी, परवाच्या ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत आपटलेली. किती जागा आल्या? नऊ. "मग आपल्याकडेही जूनमध्ये काकांच्या आठ आणि पुतण्याची एक, मिळून नऊच की," असे म्हणून ती आत निघून गेली. आपल्या अख्ख्या अग्रलेखापेक्षा या एका वाक्यात हिशेब जास्त होता, कारण आपण दहा छापल्या आहेत. दहा हा मतदान संपल्या संपल्या आलेला एक्झिट पोलचा अंदाज होता. इन्व्हर्नेसकडच्या एका जागेची फेरमोजणी शनिवारपर्यंत लांबली आणि ती लिबरल डेमोक्रॅट्सकडे गेली. सोमवारच्या अंकात गुरुवार रात्रीचा आकडा छापायचा तर मग ताजी बातमी कशाला म्हणायचे?

दुसरे, अग्रलेखात तीन ठिकाणी 'इंग्लंडमधील या प्रांताने' असे आहे. तीन ठिकाणी! एकदा असते तर मुद्रितशोधकावर ढकलता आले असते. स्कॉटलंडला इंग्लंडमधला प्रांत म्हणणे म्हणजे कोल्हापूरकराला 'तुम्ही पुण्याकडचेच ना?' विचारण्यासारखे आहे. निदान कोल्हापूरकर तोंडावर सांगेल तरी. ते लोक नुसते हसतात आणि पुढच्या वेळी चहाला बोलवत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१३ ते २०१५ मी ॲबर्डीनला तेलाच्या एका प्रकल्पावर पाइपिंगचे काम करत होतो आणि १८ सप्टेंबर २०१४ च्या, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात मी मत दिले आहे. भारतीय पासपोर्टवर! राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक तिथे रीतसर राहत होते, त्यांना तो हक्क होता. सोळा वर्षांच्या पोरांनाही होता. आमचे केंद्र एका शाळेच्या जिममध्ये होते. फरशीला पॉलिशचा वास, भिंतीला टेकवून ठेवलेले बाक, आणि टेबलामागे लोकरीचा स्वेटर घातलेल्या एक बाई. त्यांनी यादीवर पट्टी ठेवून माझे नाव शोधले, खूण केली, मतपत्रिका दिली. मी सवयीने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. बाईंनी बोटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काळजीने विचारले, "बोटाला काही लागलंय का?" शाईचा प्रकार समजावून सांगितला तर त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना हाक मारून तो मला पुन्हा सांगायला लावला. मागे रांग खोळंबली, पण कुणी चकार शब्द काढला नाही. आतल्या फळीवर दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. आधीपासून कुजबुज होती की पेन्सिलीची खूण खोडतील, म्हणून आपले पेन न्या. माझ्या खिशात पेन होते. तरी मी पेन्सिलच वापरली. त्या बाईंवर अविश्वास दाखवावासा वाटला नाही.

'स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का?' एवढाच प्रश्न, आणि हो किंवा नाही. मी काय लिहिले ते सांगणार नाही. घरात एक हो आणि एक नाही झाले, म्हणजे आम्ही दोघांनी सहा मैल भिजत जाऊन-येऊन निकालात काडीचाही फरक पाडला नाही.

या अनुभवाचे पत्र मी तेव्हा तिसऱ्याच दिवशी आपल्याकडे ईमेलने पाठवले होते. छापले नाही. ठीक आहे, जागा नसते. पण त्याच आठवड्याच्या पुरवणीत आठ दिवसांच्या टूरवर जाऊन आलेल्या एका गृहस्थांचे अर्धे पान होते आणि त्यात एडिनबरोचा किल्ला 'इंग्लंडमधील सर्वांत देखणा किल्ला' होता. म्हणजे कालची चूक नवीन नाही, ती आपल्याकडे दहा वर्षे नांदते आहे.

आता मुद्द्याचे. आपण म्हणता, पक्ष ४८ जागांवरून घसरला, सबब लोकांनी स्वातंत्र्य नाकारले. २०१४ मध्ये ग्लासगोने 'हो' म्हटले होते, साडेत्रेपन्न टक्क्यांनी. ॲबर्डीनने 'नाही' म्हटले, अठ्ठावन्नच्याही वर. आणि परवा काय झाले? 'हो'वाल्या ग्लासगोतल्या सहाच्या सहा जागा मजूर पक्षाने नेल्या आणि 'नाही'वाल्या ॲबर्डीनच्या दोन्ही जागा या धूळधाण झालेल्या पक्षाने राखल्या. आपला नियम लावायचा तर ॲबर्डीनला एका रात्रीत स्वातंत्र्याचा झटका आला म्हणायचे? ॲबर्डीनला चिंता उत्तर समुद्रातल्या तेलाची आहे. मजूर पक्ष नवे परवाने द्यायला तयार नाही आणि तेल कंपन्यांवरचा कर वाढवू म्हणत होता, तिथल्या घराघरांत बोलणे त्याचेच. २०१४ चा उरलेला हिशेबही पाहा. सार्वमतात स्वातंत्र्यवाले ४५ विरुद्ध ५५ हरले आणि आठ महिन्यांत त्याच पक्षाने ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या, तेही निम्म्या मतांवर. या वेळी तीस टक्के मते आणि ५७ पैकी ९ जागा. ज्याची मते सर्वाधिक त्याची जागा ही त्यांची पद्धत आपल्याकडेही आहे, त्यामुळे तिची गंमत आपल्याला नव्याने सांगायला नको. सार्वमताला ८४.६ टक्के लोक आले होते. परवा साठ टक्केसुद्धा नाहीत.

आणि इतके लांब कशाला जायचे? माझे मामा डिचोलीचे. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे. मामा 'फुला'वाले, म्हणजे विलीनीकरणाचे. 'दोन पाने' १ लाख ७२ हजार, 'फूल' १ लाख ३८ हजार. विलीनीकरण बुडाले, मामा दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. पण मार्चमध्ये निवडणूक झाली, तर विलीनीकरणाचा झेंडा घेतलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले! गोवेकराने मागणी एका खात्यात टाकली आणि पक्ष दुसऱ्या. स्कॉटलंडवर अग्रलेख लिहिणाऱ्या मराठी संपादकाला गोवा आठवू नये, याचे मला खरेच वाईट वाटले.

पक्ष हरला तो स्वतःच्या कर्माने. स्कॉटलंडमध्ये सतरा वर्षे सत्ता, पक्षाच्या पैशांची पोलीस चौकशी, त्यात जप्त झालेली कॅम्पर व्हॅन, दीड वर्षात तिसरा नेता. बेटांवर जाणाऱ्या बोटीचे तर विचारू नका. २०१७ मध्ये तिचे जलावतरण झाले तेव्हा खिडक्या बसवलेल्याच नव्हत्या, रंगाने काढल्या होत्या. ती बोट २०१८ ला चालू व्हायची होती, २०२४ उजाडले तरी प्रवाशांची वाट पाहत होती. बेटावरच्या माणसाला आधी बोट हवी असते, राष्ट्र मागाहून. हे आपल्या अग्रलेखात एका ओळीतही नाही. राखरांगोळी मात्र दोनदा.

एक कबूल करतो. या वेळच्या जाहीरनाम्यात पहिल्या पानावर पहिलीच ओळ स्वातंत्र्याची टाकायचा शहाणपणा त्या पक्षानेच केला, त्यामुळे आपल्यासारख्यांना आयते कोलीत मिळाले. पण ४८ जागा असताना तरी काय हाती लागत होते? लंडनच्या संमतीशिवाय सार्वमत घेता येणार नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्येच सांगितले आहे आणि लंडन संमती देत नाही. दार ४८ जणांनी ठोठावले काय आणि नऊ जणांनी ठोठावले काय, कडी आतूनच आहे. इकडे जनमत चाचण्यांत मात्र 'हो' म्हणणारे अजून निम्म्याच्या आसपास रेंगाळताहेत. 'तुम्ही फुटलात तर युरोपीय संघातून बाहेर पडाल' असे २०१४ ला बजावले आणि २०१६ च्या ब्रेक्झिटच्या कौलाने त्यांनाच बाहेर काढले. ६२ टक्के स्कॉटिश मतदारांनी राहायचे म्हटले होते. हे ते लोक इतक्यात विसरतील असे आपल्याला वाटत असेल, तर आपण त्यांच्यात राहिलेला नाहीत.

पत्र मोठे झाले आहे, कापाल हे माहीत आहे. कापायचेच तर बोटीचे कापा, गोव्याचे ठेवा. आणि जाता जाता, शनिवारच्या शब्दकोड्यात सूचना एका कोड्याच्या आणि चौकटी दुसऱ्याच्या होत्या. आडवा बारा चार अक्षरी, घरे तीन. पत्नीने पाऊण तास घालवला आणि राग माझ्यावर काढला. शुद्धिपत्रक रविवारी आले नाही, सोमवारी आले नाही, आजही नाही.

आपला,
एकोणीस वर्षांचा वर्गणीदार, चिंचवड
(नाव छापू नये. सोसायटीत दोन्ही राष्ट्रवादी आहेत.)