‘टाकाऊतून टिकाऊ’साठी नवे सामान कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरातील शाळांची हस्तकला प्रदर्शने सध्या भरत आहेत आणि त्यांची रंगीत छायाचित्रे आपल्या दैनिकात जवळजवळ रोज पाहायला मिळतात. बहुतेक प्रदर्शनांत ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा एक विभाग असतोच. या विभागात हल्ली जे मांडले जाते त्यातले खरोखर टाकाऊ किती आणि दुकानातून नवे कोरे आणलेले किती, याचा विचार शिक्षकांनी आणि पालकांनी एकदा शांतपणे करावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सत्तावीस वर्षे मी शाळेत शिवणकाम आणि कार्यानुभव हे विषय शिकवले आहेत, त्यामुळे या विषयाची मला मनापासून कळकळ आहे.

माझा नातू पाचवीत आहे. गेल्या महिन्यात त्याच्या वहीत सामानाची यादी लिहून आली. त्यात थर्मोकोलचा एक तुकडा, चमकीच्या फोमचे चार रंगांचे कागद, आइस्क्रीमच्या काड्यांची दोन पाकिटे, प्लास्टिकचे मणी, चिकटवायची बंदूक आणि शीतपेयाची एक रिकामी बाटली एवढ्या वस्तू होत्या. वर ठळक अक्षरांत शीर्षक होते, ‘टाकाऊतून टिकाऊ’. ही यादी घेऊन दुकानात गेले तेव्हा साडेतीनशे रुपयांच्या आसपास खर्च आला. त्याच दुकानात आमच्या गल्लीतली विडी वळणारी एक बाई तीच यादी हातात धरून उभी होती. दिवसभराच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे तिने त्या सामानापायी मोजले, कारण मुलाचे गुण जातील याची तिला धास्ती होती. बाटलीचे तर काय सांगावे! आमच्या शेजारी एका घरी रिकामी बाटली नव्हती म्हणून भरलेली विकत आणली आणि आतले पेय मोरीत ओतून दिले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या यादीतील थर्मोकोलबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सजावटीसाठीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. आइस्क्रीमच्या आणि फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे झेंडे यांवरही त्याच दिवसापासून बंदी लागू झाली. चमकीचे म्हणाल तर ती बहुधा प्लास्टिकचीच असते. एकदा सांडली की केरसुणीला दाद देत नाही आणि अखेर गटारावाटे पाण्यात जाते. युरोपीय संघाने तर ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत. अशा वस्तू मुलांना पैसे देऊन आणायला लावायच्या, दोन दिवस टेबलावर मांडायच्या आणि तिसऱ्या दिवशी घंटागाडीत टाकायच्या, याला टाकाऊतून टिकाऊ म्हणता येणार नाही. जो कचरा नव्हता तो आपण या निमित्ताने नव्याने तयार करतो आहोत.

खरे तर रंगीत टाकाऊ सामानाची सोलापूरला कधीच वाण नव्हती. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू मिल आणि नरसिंग गिरजी मिल बंद पडल्या तरी यंत्रमाग आणि गणवेश शिवणारे कारखाने या शहरात आजही आहेत. मागावरच्या सुताचे शंकूच्या आकाराचे कागदी कोन रिकामे झाले की पोत्यांनी बाजूला पडतात. चादरीच्या दशा कापल्या की लाल, हिरव्या, जांभळ्या सुताचे झुपके उरतात. कटिंग मास्तरच्या टेबलाखाली तर तऱ्हेतऱ्हेच्या रंगांच्या कात्रणांचा ढीग असतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, याचा अभिमान आपण सगळे सांगतो. परंतु त्या चादरीमागे उरणाऱ्या सुताला आपल्या मुलांचा हात मात्र लागत नाही.

शाळेत असताना एका यंत्रमागधारकाकडून मी जॅकार्ड मागाचे जुने, भोके पाडलेले पुठ्ठे मागून आणले होते. नक्षीचा कोणता धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे मागाला त्या भोकांवरून कळते. सहावीच्या मुलींना एकेक पुठ्ठा, जाड टोकाची सुई आणि दशांचे रंगीत सूत दिले आणि या भोकांतून हवी तशी नक्षी ओवा, एवढेच सांगितले. एकीने सरळ रेघा ओवल्या, दुसरीने कमळ काढायचा प्रयत्न केला, तर तिसरीने पुठ्ठा उजेडासमोर धरून, “बाई, चादरीवरचा मोर असाच येतो का?” असे विचारले. तिचे वडील मागावर कामाला होते आणि ते रोज काय करतात, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा उमगले. त्या तासाला एक रुपयाही खर्च आला नव्हता.

आपल्या घरांतही ही कला काही नवीन नाही. जुन्या लुगड्यांची, धोतरांची आणि कात्रणांची आपण गोधडी शिवतो, खेड्यात तिला वाकळ म्हणतात, आपल्याच शहरातल्या कानडी घरांत ती कौदी होते आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बोंता. चार नावांनी ओळखली जाणारी ही एकच वस्तू, आणि तिच्यात नवे असे काही लागतच असेल तर ते सुई-दोरा. ठिगळे रंग पाहून जुळवायची, फिक्याशेजारी गडद ठेवायचे आणि धावदोरा सरळ जाईल याकडे लक्ष द्यायचे, हे चित्रकलेच्या तासाइतकेच मोलाचे शिक्षण आहे. पाचवी-सहावीच्या मुलांकडून, मुलींइतकेच मुलग्यांकडूनही, वीतभर चौकोनाची गोधडी सहज शिवून होते आणि वर्गातल्या सगळ्यांचे चौकोन जोडले तर बालवाडीतल्या मुलांना बसायला बस्कर तयार होते.

कागदाच्या लगद्याची टोपली ही अशीच एक विस्मरणात गेलेली वस्तू आहे. तिची कृती मी थोडी सविस्तर देते, कारण ती करणारे हात पाहिलेल्या पिढीतली माणसे आता कमी उरली आहेत. जुन्या वर्तमानपत्रांचे बारीक तुकडे करून ते तीन-चार दिवस पाण्यात भिजू द्यावेत. रोज नळ न येणाऱ्या आपल्या शहरात पाण्याची उधळपट्टी परवडणारी नाही, म्हणून तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वापरावे, आणि कागद पिळून निघालेले पाणी दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावे. भिजलेला कागद पाटा-वरवंट्यावर किंवा खलबत्त्यात कुटून मऊ करावा, त्यात रात्रभर भिजवून वाटलेली मूठभर मेथी मिसळावी आणि कणकेसारखा गोळा मळावा. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो आणि तिच्या कडू वासाने कीड लवकर लागत नाही. मग पातेले पालथे घालून त्यावर ओले फडके पसरावे, बुडापासून सुरुवात करून अर्ध्या बोटाच्या जाडीचा थर थापत कडेपर्यंत आणावा आणि ओल्या तळहाताने तो गुळगुळीत करावा.

इथे घाई केली तर टोपली फुटते. आपल्याकडचे ऊन कडक, म्हणून पहिले दोन दिवस तिला सावलीतच ठेवावे. वरचा थर आवळला आणि आतला ओला राहिला की भेगा पडतात. तिसऱ्या दिवशी उन्हात ठेवली आणि बोटाने टिचकी मारल्यावर पुठ्ठ्यासारखा कोरडा आवाज आला की पातेले अलगद सोडवावे. मैद्याच्या पातळ खळीने कागदाच्या पट्ट्यांचा एक थर द्यावा, तो वाळल्यावर गेरू फासावा आणि काडीला कापूस गुंडाळून चुन्याचे ठिपके काढावेत. माझ्या आईच्या हातची अशी एक टोपली तीसेक वर्षे आमच्या घरी होती. पूर्वी तिच्यात धान्यही ठेवीत, परंतु छपाईच्या शाईचा विचार करता आता खाण्याचे पदार्थ तिच्यात ठेवू नयेत. सुया, दोरे, गुंड्या आणि शाळेच्या पेन्सिली यांसाठी ती उत्तम आहे. आपल्या दैनिकाची रद्दी यापेक्षा चांगल्या कामी लागेल असे मला वाटत नाही.

रंगांसाठीही दुकान गाठण्याचे कारण नाही. कांद्याच्या कोरड्या साली पाण्यात उकळल्या की नारिंगी-तपकिरी रंग उतरतो आणि त्यात तुरटी घातली की तो सुतावर चांगला बसतो. हळदीच्या पाण्यात चुना मिसळला की ते डोळ्यांदेखत लाल होते, आणि कुंकू कसे बनते हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. मात्र हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून तो दारावरच्या तोरणाला वापरू नये, हेही त्यांना सांगावे. चुना मुलांच्या हाती न देता मोठ्यांनीच मिसळावा.

आता नातवाने काय केले ते सांगते. यादीतले सामान घरात असूनही त्याने माझ्याकडचे सुताचे सात कोन घेतले, त्यांना रंगीत कात्रणे चिकटवली, वर कागदाच्या घट्ट गुंडाळीच्या काठ्या उभ्या केल्या, त्यांच्या टोकांना लग्नपत्रिकांच्या सोनेरी पुठ्ठ्याची बाशिंगे बांधली आणि आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या यात्रेत मिरवतात ते सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, उभे केले. खळ जास्त झाल्याने एका काठीला बाक आला होता, तो त्याने सुताचा ताण देऊन सरळ केला. शाळेत या कामाला ‘सफाई नाही’ असा शेरा मिळाला. पहिला क्रमांक ज्या घराच्या प्रतिकृतीला मिळाला ती थर्मोकोलची होती आणि ती एका पालकांनी रात्री जागून केली होती, हे त्या पालकांनीच मला सांगितले. शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही, ही पद्धतच रुळली आहे. नातू दोन दिवस गप्प होता आणि मला फार वाईट वाटले.

सफाईला महत्त्व नाही असे मी म्हणणार नाही, कारण वाकडा धावदोरा मी स्वतः उसवायला लावत असे. परंतु दहा वर्षांच्या मुलाच्या हातची सफाई आणि यंत्राने कापलेल्या फोमची सफाई यांची तुलना होऊ शकत नाही. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या, रिकाम्या बाटल्या आणि जुनी वर्तमानपत्रे यांपासून शेकडो खेळणी केली आणि मुलांना करायला शिकवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी दिसायला झगमगीत नसतात, पण ती फिरतात, वाजतात, उडतात आणि मोडली तर मूल ती पुन्हा करू शकते. हाताने काम करता करता शिकावे, हा विचार महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला होता, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. सोलापूरच्या मुलांना कारागीर शोधायला कुठे दूर जावे लागणार आहे?

म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या कामाला खळ, सुई-दोरा आणि कात्री यांखेरीज काहीही विकत आणू नये असा नियम करावा आणि हे काम घरी न देता वर्गातच, शिक्षकांसमोर करून घ्यावे. वस्तू कशाची केली, ती वस्तू एरवी कुठे गेली असती आणि मुलाने अडचण कशी सोडवली, हे त्याला विचारून गुण द्यावेत. कारखानदारांनी कात्रणांचे आणि कोनांचे एखादे पोते जवळच्या शाळेसाठी बाजूला ठेवले तर त्यांना त्याची तोशीस पडणार नाही. टाकाऊ म्हणून काहीही चालेल असेही नाही. जुने सेल, औषधांच्या पट्ट्या, ट्यूबलाइट, इंजेक्शनच्या सुया आणि कीटकनाशकांचे डबे मुलांच्या हाती कदापि देऊ नयेत. पत्र्याच्या डब्यांच्या कडा मोठ्यांनी हातोडीने दुमडून द्याव्यात. आमच्या लहानपणी आम्ही फुटक्या बांगड्यांच्या काचा चिमणीच्या ज्योतीवर वाकवून त्यांच्या माळा करत असू. त्या अतिशय सुंदर दिसत, परंतु आज वर्गात ते करू नये असेच मी म्हणेन.

आपणांसही एक विनंती आहे. प्रदर्शनांची छायाचित्रे छापताना ती वस्तू कशापासून केली आणि तिला किती खर्च आला, एवढी एक ओळ खाली द्यावी. रविवारच्या अंकात मुलांच्या पानावर आठवड्याला एक अशी कृती छापता आली तर फारच चांगले. त्या लिहून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

ज्या शाळेला लगद्याची टोपली किंवा कोनाच्या बाहुल्या शिकवून हव्या असतील, तिथे शनिवारी सकाळी मी स्वतः येईन. मानधन नको, कोन आणि कात्रणे मी घेऊन येईन. शाळेने बुधवारी चार घमेली रद्दी भिजत घालून ठेवावी आणि शुक्रवारी रात्री मूठभर मेथी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर